सासूबाई वजा करून

दगडाबाई नातीला वजनकाट्याजवळ फिरकू देईनात. "लेकराला तोलू न्हाई, दृष्ट लागती," एवढंच त्यांचं पालुपद. बाळाचं वजन घ्यायला आटपाडीहून आलेल्या आरोग्यखात्याच्या आशाताई शेवटी हात टेकून पुढच्या वस्तीवर गेल्या. जाताना काटा मात्र सुनेजवळ, पल्लवीजवळ ठेवून गेल्या.

पल्लवीचा जीव टांगणीला लागला होता. पोर दिवस भरायच्या आत झालेली. आज तीन किलो भरली नाही, तर सांगलीच्या दवाखान्यात ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आत्या, मग तुमचं तरी वजन करू."

"कर की. या हाडांना कोण दृष्ट लावतंय," म्हणत सासूबाई नातीला छातीशी धरूनच काट्यावर चढल्या. एक्कावन्न किलो चारशे.

"आता तिला माझ्याकडं द्या, आन् एकट्याच चढा."

"दुधाची भरलेली किटली तोलून रिकामी वजा करणारी बाई मी. मला फसवतीस व्हय?"

पल्लवीचा चेहरा पडला. मग तिला अंगणातलं कोकरू दिसलं आणि दहावीचं बीजगणित आठवलं. दोन समीकरणं मांडायची, दोन्हीत सारखं असेल ते उडवायचं. इथं सारख्या होत्या सासूबाई.

"एकट्या नको, कोकरू घेऊन चढा. त्याचं वजन केलेलं चालतंय न्हवं?"

दगडाबाईंनी पोरीला झोळीत निजवलं, कोकरू उचललं. बावन्न किलो सहाशे. म्हणजे कोकरू पोरीपेक्षा एक किलो दोनशेनं जड. सासूबाई गणितातून गेल्या, त्यांना पत्ताही नाही.

आता कोकराचं वजन तेवढं हवं होतं. पल्लवी काटा आणि कोकरू घेऊन गोठ्यामागं गेली. एकदा कोकरासकट चढली, एकदा एकटी. कोकरू चार किलो चारशे. घाईत वजाऐवजी बेरीज झाली आणि पोर पाच किलो सहाशेची निघाली. क्षणभर तिला ते खरं मानावंसं वाटलं. पण चुकलेलं गणित लेकराच्या अंगाला लागत नसतं. तिनं पुन्हा, बोटांवर, सावकाश वजा केलं.

तीन किलो दोनशे.

ती तिथंच मातीत बसली आणि पोटभर रडली.

वर बघते तर गोठ्याच्या कोपऱ्याला दगडाबाई, नातीला खांद्यावर घेऊन. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. पल्लवीनं तोंड उघडलं.

"गप. किती भरली ते सांगू नगंस." पदरानं आधी सुनेचे डोळे पुसले, मग हळूच स्वतःचे. "जा, दृष्ट काढाय मीठमिरच्या आण. आन् मिरच्या वाईच जास्त घे."