पहिल्याच दाबात

पॅडल पुन्हा तळाला टेकलं. गोवर्धनरावांनी पाय उचलला आणि परत दाबला. तीन-चारदा मारल्यावर ते जरासं वर आलं, पण पायाखाली भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं.

"नळीत हवा शिरली," गाडीखालून सूर्यभान म्हणाला. "तेल दाबलं का ब्रेकले ढकलते. हवा दाबली तर नुसती दबते."

"उद्या सकाळी निघायचं आहे, बावा."

"म्हणून तं अकोल्याहून आलो ना, भाऊ. तुमची गाडी पाहाले कोण येते?"

शेंदूरजनाघाटहून अमरावतीच्या वाटेवर नाल्यांचे उतार होते, आणि बहुतेकांवर पूल नव्हते. मागच्या खेपेला लेकीला, शालूला, बैलगाडीतून नेलं होतं. मूल वाटेतच गेलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की कळांची वाट पाहू नका, दिवस भरले की घेऊन या. गोवर्धनरावांनी कुपनावरचं पेट्रोल दिवाळीपासून जपून ठेवलं होतं. आता दिवस भरून वर गेले होते. कळा येत नव्हत्या आणि ब्रेक लागत नव्हता.

लढाईमुळे ब्रेकचं तेल नागपुरातही मिळेना. सूर्यभान ते घरीच करणार होता.

"इंजिनाचं तेल चालत नाही काय?" गोवर्धनरावांनी विचारलं.

"त्यानं आतलं रबर फुगते. एरंडेलच पायजे, अन् ते पातळ कराले स्पिरिट. स्पिरिट मी आणलं. एरंडेल आहे काय घरी?"

गोवर्धनरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, फळीवरची हिरवी बाटली आणून दिली. बांधावरच्या एरंड्यांचं, घरी काढलेलं तेल होतं.

"उरलं तर बाटली वापस देजा, भाऊ. कामाची आहे," त्या सूर्यभानला म्हणाल्या आणि आत गेल्या.

सूर्यभाननं डब्यात एरंडेल ओतलं, तेवढंच स्पिरिट ओतलं आणि डबा हलवू लागला. गोवर्धनरावांनी वाकून वास घेतला.

"दारूच आहे की हे!"

"पॉलिशवाल्याचं आहे. आमच्या गल्लीतला एक सुतार प्याला होता. अजून भिंत धरून चालते."

"अजून उतरली नाही त्याची?" गोवर्धनराव हसले.

सूर्यभान हसला नाही. तो मिश्रण उजेडात धरून पाहत होता.

मग त्यानं संत्र्यांवर औषध फवारायचा पितळी पंप मागितला. तो स्पिरिटनं विसळला, उलटा धरला, पुन्हा विसळला.

"विहिरीवर नेऊन धू ना. पाण्याले काय तोटा आहे?"

"पाण्याचा थेंब राहिला तर ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा हवाच. उतारावर पाय जाईन खाली अन् गाडी जाईन नाल्यात."

तेल पंपात भरून त्यानं पंपाची रबरी नळी ब्रेकच्या टाकीच्या झाकणाला घट्ट बसवली आणि दांडा मारून दाब दिला. एरवी या कामाला दोन माणसं लागत, एक पॅडल मारायला आणि दुसरा चाकाशी. पंपाच्या दाबानं एकट्याचं काम झालं. सर्वांत लांबच्या चाकापासून त्यानं सुरुवात केली. चाकामागचा हवा काढायचा स्क्रू सैल केला, त्याला लावलेल्या नळीचं टोक काचेच्या पेल्यात बुडवलं. आधी काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय स्वच्छ पिवळी धार. स्क्रू आवळून तो पुढच्या चाकाकडे गेला.

उरलेलं मिश्रण त्यानं हिरव्या बाटलीत भरलं. "हे गाडीत ठेवजा, भाऊ. वाटेत कमी झालं तर वरून टाकता येईन."

गोवर्धनरावांनी बाटली ओटीच्या खिडकीत ठेवली आणि दोघं गाडी घेऊन वेशीपर्यंत गेले. परतताना सूर्यभाननं मुद्दाम वेग वाढवला आणि एकदम पाय दिला. गोवर्धनराव काचेवर आपटता आपटता राहिले.

"मारतं काय रे मले!" ते ओरडले, पण चेहरा फुलला होता.

अंगणात गाडी लावली तेव्हा दिवेलागण झाली होती. आतून मनकर्णाबाईंचा आवाज येत होता.

"नाक दाब अन् एका दमात पी."

"घसा जळून राहिला, माय."

"सुंठ आहे त्यात. पी मुकाट्यानं."

सकाळी शालूला उलटी झाली, आणि बारीक कळाही सुरू झाल्या. मनकर्णाबाईंनी देवापुढे हात जोडले. लेकीला धरून त्यांनी ओटीवर आणलं.

"धुकं लय पडलं आज," शालू डोळे चोळत म्हणाली.

"हिवाळ्यात पडणारच," गाडीत गादी पसरता पसरता गोवर्धनराव मान वर न करता म्हणाले.

सूर्यभान गाडी चालवायला बसला. मोर्शी मागे पडली. प्रत्येक उतारावर गोवर्धनराव त्याच्या पायाकडे पाहत, आणि प्रत्येक उतारावर गाडी माणसाळलेल्या बैलासारखी सावकाश उतरे. शालू मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोकं ठणकतं म्हणाली, मग बोलली नाही.

दुपारी मोठा नाला जवळ आला.

"आता खरा उतार आहे," सूर्यभान म्हणाला. "थांबून एकदा तेल पाहून घेऊ. बाटली घेतली ना, भाऊ?"

"अरे! ते तं खिडकीतच राहिली."

"कोणती? एरंडेलाची?" मागून मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते मी काल सांजेलेच आत नेली. अर्धी वाटी शालूले देल्ली, गरम दुधात. कळा याले पायजे ना. जरा पातळ लागलं, पण लागू पडलं पाहा."

सूर्यभानचा पाय खाली गेला. ब्रेक पहिल्याच दाबात लागला. गाडी जागच्या जागी थांबली.

समोरच्या काचेवर भर दुपारचं ऊन तळपत होतं.

धक्क्यानं शालू उठून बसली. हात पुढे करून तिनं आधी सीटची कड चाचपली, मग आईचा चेहरा.

"पोचलो काय, माय?" ती म्हणाली. "मंग कंदील लाव ना. काहीच दिसून नाही राहिलं."