पालथी ताटं

"उद्या निघायचं म्हणजे निघायचं," अनंतरावांनी जाहीर केलं आणि ते जेवायला येऊन बसले. बायकोच्या, कुसुमताईंच्या, खोकल्यासाठी म्हणून दोघं वारज्याला मुलाकडे, गंधारकडे, आली होती. खोकला हटायचं नाव घेत नव्हता आणि अनंतरावांना पुण्याचा पुरेपूर कंटाळा आला होता. स्वारगेटहून सकाळच्या गाडीची तिकिटंही काढून झाली होती. निरोप द्यायला मेहुणी शालन विश्रांतवाडीहून आली होती.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का?" आमटीचं पातेलं टेबलावर ठेवत सुनेने, वल्लरीने, विचारलं. "तिथली हवा स्वच्छ असेल तरच आईंना न्या, नाहीतर इथेच राहू द्या. तीनदा विचारलं त्यांनी."

"आणि मी तीनदा सांगितलं. स्वच्छ आहे."

हे अनंतरावांनी सांगायचं म्हणजे विषयच संपला. कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरीभर त्यांनी एकच काम केलं होतं, धुरातली राख चिमणीबाहेर जाऊ न देण्याचं. विजेने भारलेल्या पत्र्यांना राख चिकटायची, पत्र्यांवर हातोडे पडले की खाली झडायची. नव्व्याण्णव टक्के राख आम्ही पकडतो, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ऐकवत. निवृत्तीनंतर घरही बांधलं ते चिमणी दिसेल अशा जागी. सकाळी उठून लोक देवाला हात जोडतात, हे गच्चीवर जाऊन चिमणीचं तोंड बघायचे. धूर दिसला नाही की चहा गोड लागायचा.

"पण उरलेला एक टक्का?" वल्लरी म्हणाली. "डॉक्टर म्हणत होते, बोटाला लागते ती धूळ निदान नाकात अडकते. बोटाला न लागण्याइतकी बारीक असते, ती थेट फुप्फुसात जाऊन बसते."

"मी तिथे होतो. डॉक्टर नव्हते."

"यांनी फार जिवापाड केलं गं ते काम," कुसुमताई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खोकत राहिल्या. खोकला ओसरल्यावर त्यांनी ताटं मांडली. प्रत्येकासमोर एक, पालथं.

शालन बघत होती. "ताई, ही ताटं पालथी का?"

"अहो मावशी, तुम्ही विचारताय?" वल्लरी हसली. "आईंच्या माहेरची पद्धत ना ही! वाढेपर्यंत ताट पालथंच ठेवायचं. आता मलाही सवय झाली."

"कुणाच्या माहेरची? माझंही माहेर तेच आहे," शालन म्हणाली. "आमच्या आईला पालथं ताट नजरेसमोर चालायचं नाही. चुकून ठेवलं तर पाठीत धपाटा मिळायचा."

"वाढ गं वल्लरी, भात निवतोय," कुसुमताई घाईने म्हणाल्या.

अनंतरावांचा हात मिठाच्या वाटीकडे जाता जाता थांबला. लग्नानंतर वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा पालथ्या ताटासमोर बसले, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं होतं. 'आमच्याकडे असंच असतं,' कुसुम म्हणाली होती. त्यावर त्यांनी जन्म काढला. सासुरवाडीला जेवायला बसताना ताटं सरळ मांडलेली असत, हे कधी ध्यानात आलं नाही. जावयाचं लक्ष ताटातल्या जिनसांकडे असतं, ताटाकडे नसतं.

"कुसुम, का ठेवायचीस गं?"

"जेवा आता. कुठल्या कुठे गेलेली गोष्ट ती."

"का ठेवायचीस?"

कुसुमताईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "नवीन होते. ताट मांडून तुमची वाट बघत बसले होते. तुम्ही येईपर्यंत त्यावर करडी पूड बसली. तुम्ही आलात ते हसतच. म्हणालात, आज चिमणी कशी स्वच्छ होती. मग काय, ताटात राख दाखवायची होती तुम्हाला?"

शालनला आपण उगाच तोंड उघडलं असं झालं.

"ते जुनं यंत्र होतं," अनंतराव म्हणाले. "नंतर नवीन आलं. मी स्वतः उभा राहून बसवून घेतलं."

"हो तर! त्यानंतर फार फरक पडला," कुसुमताई लगबगीने म्हणाल्या. नवऱ्याची बाजू सावरायची त्यांना जुनी सवय होती. "रोज बघायचे ना मी. बोटाला अगदी काहीसुद्धा लागायचं नाही."

वल्लरीने मान खाली घातली. बोलून गेल्यावर कुसुमताईंनाही डॉक्टरांचं वाक्य आठवलं असावं; त्यांनी घाईने भाताचं भांडं पुढे ओढलं, पण पुन्हा खोकला आला. ही वर्षानुवर्षं घरात पंख्याच्या आवाजासारखी चालू असलेली खोकल्याची ढास अनंतरावांनी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

"वल्लरी," ते म्हणाले, "गंधारला ऑफिसात फोन लाव. उद्याची तिकिटं रद्द कर म्हणावं."

"आणि डॉक्टरांना काय सांगायचं?"

"त्यांना मी सांगेन. चौथ्यांदा."

"अहो, पण आपलं घर?" कुसुमताई म्हणाल्या. अनंतरावांची नजर समोरच्या पालथ्या ताटावर होती.

"बरं, आधी जेवून तर घ्या," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याचं ताट सुलटं करायला पुढे वाकल्या. अनंतरावांनी त्यांचा हात अडवला. ताट त्यांनी स्वतः सुलटं केलं, त्यावरून सावकाश बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

बोटाला काहीही लागलं नव्हतं. ते कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.