लायब्ररी सापडत नाही
भोरच्या कॉलेजात दीनानाथ सरांनी वर्षानुवर्षं लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांना सगळं समजायचं, पण तोंडात भलताच शब्द यायचा. आज नातीचे भाटघर धरणावरचे व्हिडिओ जोडण्यासाठी त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई सरांच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकत होत्या. ते चालायला लागणारी एक जोड-फाइल, म्हणजे ‘लायब्ररी’, नसल्याने अडलं. "अहो, एक लायब्ररी सापडत नाही म्हणतंय. काय करू?" सरांचे डोळे चमकले. "दूध," ते म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. "दूध... छत्री..." बाई बराच वेळ थांबल्या आणि मग त्यांनी लेकीला फोन लावला. वैदेहीने सांगितलेली कमांड टाइप करताच लायब्ररी आली, सॉफ्टवेअर उघडलं. "झालं बघा!" म्हणत त्या वळल्या. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. खांदे हलत होते. बाईंनी हळूच लॅपटॉप मिटला. "परत अडलं हो. उद्या तुम्ही सांगा, मी टाइप करते." खोटं कळूनही सरांनी मान डोलावली.