कार्गोचा खोका

बहारीनमध्ये बारावी झाली की केतकीला राजापूरला पाठवून लग्न उरकायचं, असं ठरवून बाबांनी तिच्या सामानासाठी कार्गोचा खोका आणला. आज ड्युटीवरून आले, तर खोक्याची एक बाजू कापलेली. त्या पुठ्ठ्यावर केतकी शाळेच्या प्रदर्शनासाठी आलेखाच्या दोन रेषा रंगवत होती. पुढच्या तीस वर्षांत इथल्या किती मुली कॉलेजात शिकतील, भारतातल्या किती. दोन्ही वर चढत होत्या. “बघ, गावाकडच्या मुलीही शिकणारच आहेत. मग जायला रडतेस कशाला?” बाबा म्हणाले. “मी रडत नाहीये. त्या शिकणार, मला तुम्ही लग्नासाठी पाठवताय. मी यातल्या कुठल्या रेषेत, दाखवा.” तिनं ब्रश पुढे केला. बाबांनी तो न घेता कापलेल्या खोक्याकडे बोट दाखवलं. “आता सामान कशात भरायचं?” आईनं कात्री उचलून खोक्याची दुसरी बाजूही कापली. “याचा टेकू लाव गं. उद्या तक्ता पडता कामा नये.”