शीतगृहाचा कोट

सुपरमार्केटच्या नव्या सुशी-काउंटरवरच्या थिरीला खाटकांच्या युनियनमध्ये घेतलं. छे, असं अजून काही झालंच नव्हतं. अमेरिकेतल्या बफलो शहराच्या कामगार कार्यालयात सुनावणी चालूच होती. युनियनमध्ये घेतलं तरच गरोदर थिरीला पगारी रजा मिळणार होती. "हा डुकरं कापतो, ही काकड्या. दोघांत समान काय?" सुपरमार्केटच्या वकिलाने विचारलं. म्हाताऱ्या लेनर्ड खाटकाने शीतगृहात जाताना घालायचा कोट टेबलावर ठेवला. एका खिशातून त्याच्या खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, दुसऱ्यातून तिच्या केसांच्या पिना. "कोट कुणाचा?" सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी विचारलं. "आत जाईल त्याचा." "बटणं सरकवलेली दिसतात." लेनर्ड लाजला. "तिला लागेनात, म्हणून मीच सरकवली. पोट मलाही आहे, मॅडम!" थिरीने कोटाची कॉलर नीट केली. लेनर्डने रीतसर विनंती केली: सदर कोटाची साक्ष नोंदवावी, आणि शपथ घेताना त्यास उजवी बाही वर करण्याची परवानगी मिळावी.