राजाचा प्रश्न

व्याख्यान संपत आले तरी बाईंनी समोरच्या कागदावर एक अक्षर लिहिले नव्हते. विचारायचा प्रश्न त्यांनी घरूनच धार लावून आणला होता.

समोर नवे सर बोलत होते. धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. बाईंच्या निवृत्तीमुळे प्राचीन हिब्रू इतिहासकथांच्या विभागाचे प्रमुखपद रिकामे होणार होते, आणि त्यासाठी निवड समितीपुढे सरांना एका कथेचे विवेचन करायचे होते. उमेदवार एकच. तो पसंत पडला नाही तर बाईंना मुदतवाढ मिळणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही त्यांना समितीत घेताना कुणाला वावगे वाटले नाही. निःस्पृह म्हणून बाईंची ख्यातीच तशी होती.

पण निःस्पृह माणसालाही कान असतात. बाईंच्या वर्गातल्या खुर्च्या उचलून पलीकडे सरांच्या वर्गात नेल्या जाऊ लागल्या होत्या; आधी विचारून, मग न विचारता. जिन्यात मुले गुणगुणत, ‘बाईंनी रूपं घोकवली, सरांनी दुनिया दाखवली!’ बाई दिसल्या की गप्प होत, आणि ते गप्प होणे अधिक झोंबे. ग्रंथपालाने तर एकदा तोंडावरच म्हटले, “काय बाई, तुमचं कपाट सध्या धूळ खातंय, आणि त्यांच्या कपाटापुढे रांग!” बाई हसल्या. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

सरांनी निवडलेली कथा हिब्रू लोकांच्या पहिल्या राजाची होती. खिन्नतेने घेरलेला राजा एका मेंढपाळ पोराला वीणा वाजवायला दरबारात बोलावतो. त्या सुरांनी राजाला बरे वाटते, पोरावर त्याचा जीव जडतो. पुढे हाच पोरगा गोफणीच्या धोंड्याने शत्रूचा धिप्पाड योद्धा लोळवतो. लोक त्याची गाणी गाऊ लागतात. मग एके दिवशी, पोरगा वीणा वाजवत असतानाच, राजा त्याच्यावर भाला फेकतो.

“माया करणारा हात आणि भाला फेकणारा हात एकच आहे,” सर म्हणाले. “ही एकाच माणसाची, सलग गोष्ट आहे.”

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईंच्या व्याख्यानात आजवर कुणी चष्मा काढला नव्हता.

“एक शंका होती,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या स्वतःच्या कानांनाही फार मऊ वाटला. “योद्धा पडतो त्या दिवशी राजा सेनापतीला विचारतो, ‘हा पोरगा कुणाचा?’ अहो, आपल्यासमोर बसून वीणा वाजवणारा पोरगा! त्याला राजा ओळखत नाही? तुमची गोष्ट सलग असेल, तर हे कसं?”

घाव वर्मी बसला. याचे रूढ उत्तर बाई स्वतःच तीस वर्षे वर्गात देत आल्या होत्या: इथे दोन निरनिराळ्या जुन्या हकिगती जोडल्या आहेत, एकीत राजा पोराला ओळखतो, दुसरीत ओळखत नाही, आणि जोड नीट बसलेला नाही. सरांनी ते उत्तर द्यावे, तर त्यांची सलग गोष्ट जागीच दुभंगत होती.

सरांनी समोरच्या पोथीतली ती ओळ पुन्हा वाचली.

“नाही सांगता येत, बाई,” ते म्हणाले. “तिथं जोड आहे असं म्हणून मोकळं होता येईल. पण माझं मन घेत नाही. राजानं असं का विचारलं असेल, ते मला अजून कळलेलं नाही.”

बाईंनी कागदावर लिहिले, ‘उत्तर देता आले नाही.’

दार लावून समिती बसली. चहा आला. अध्यक्ष परगावचे, वयोवृद्ध आणि चौकस होते.

“पदव्या मोठ्या विद्यापीठाच्या आहेत खऱ्या,” ते बाईंना म्हणाले, “पण हे वाचणं पदवीनं येत नाही हो. कोवळ्या वयात कुणीतरी जीव लावून शिकवलंय. मूळचा हा विद्यार्थी कुणाचा?”

“कोण जाणे,” बाई म्हणाल्या. “मला काही कल्पना नाही.”

शब्द सहज निघून गेले. मग बाईंनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

यजमान गेले त्या वर्षी घरात दिवा लावायचीही त्यांना इच्छा होत नसे. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा त्यांनीच हाक मारून घरात घेतला होता. ‘ये रे, हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची गंमत दाखवते.’ तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने वाची, आणि घर पुन्हा घर होई. पुढे तो दूर शिकायला गेला. प्राध्यापक होऊन परतला, तेव्हा बाईंनी चारचौघांत त्याला ‘अहो सर’ म्हटले. ते त्याला समजले. त्यानंतर त्यानेही कधी ओळख काढली नाही.

“मग, तुमचा शेरा?” अध्यक्षांनी कागदासाठी हात पुढे केला. “तुमच्या प्रश्नाशी तो अडला, हे मात्र खरं.”

“माझा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“विद्यार्थी. माझा आहे तो. पहिलं अक्षर मी शिकवलं त्याला.” त्यांनी कागदावरची ओळ खोडली. “घ्या त्याला. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वयाला येणार नाही, आणि पुढेही न येवो.”

“म्हणजे उत्तर आहे?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “राजानं त्याला ओळखलं होतं.”