समुद्रफुलाची राखण

"पाणी या काळ्या रेघेच्या खाली गेलं, की या बाटलीतलं घालायचं. रेघेपर्यंतच. मीठ अजिबात नाही," शालू म्हणाली. "पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं."

"समुद्राचं म्हंता अन् मीठ नको म्हंता." गोदाबाईने काचेच्या बरणीत डोकावून पाहिलं. "कोन्या झाडाचं फूल हाय हे?"

"फूल नाही, प्राणी आहे. नुसतं नाव समुद्रफूल."

"डोये नाही, पाय नाही. मंग करते काय दिवसभर?"

"दगडाला धरून बसतं. कोणी हात लावला की मिटतं."

"शहानं हाय," गोदाबाई म्हणाली.

पेल्याने पाणी उचलून वरून धार कशी सोडायची, बरणीभोवतीचं फडकं दिवसातून किती वेळा भिजवायचं, हेही शालूने दाखवलं. तिचा नाइलाज होता. सकाळी अकोल्याहून तार आली होती: वडिलांचा पाय मोडला, दवाखान्यात आहेत. निदान आठ दिवस जाणार. मार्च सरत आला होता, आणि धार सोडली नाही तर बरणीतल्या पाण्यातली हवा दोन दिवसांत संपली असती. दोन वर्षांत तिने घरमालकिणीला खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, आज किल्लीच हातात द्यावी लागत होती.

शालू अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. रत्नागिरीच्या सहलीहून तिने तीन समुद्रफुलं आणली होती. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं टांग्यात गेलं, खोली सोडावी लागली त्या दिवशी. राहिलं ते एक. संध्याकाळी परतल्यावर ती पन्नास वेळा धार सोडायची. त्या खोलीत तेवढाच आवाज असायचा.

अमरावतीतली ही तिची तिसरी खोली. आधीच्या दोन्ही घरांत आडनाव कळलं, त्याच आठवड्यात तिची ट्रंक ओसरीत आली होती. म्हणून इथे तिने आडनाव दुसरंच सांगितलं. पत्रं कॉलेजच्या पत्त्यावर मागवली. बोलणं पुस्तकातलं ठेवलं. वडिलांना कधी घरी येऊ दिलं नाही, बडनेऱ्याच्या फलाटावर बसूनच बापलेक बोलायचे. भिंतीवर काही नव्हतं. बुद्धाची तसबीर ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली होती.

गोदाबाईशी तर जपूनच राहायला हवं होतं. तिचा नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर चांदूर रेल्वेहून येऊन तिने हे घर घेतलं, आणि तेव्हापासून एकटीच राहत होती. गळ्यात तुळशीची माळ. सकाळी पडद्याआड घंटा वाजायची. स्वयंपाकघराचा उंबरठा कोणी ओलांडायचा नाही. काही द्यायचं झालं तर ती खाली ठेवायची, शालूने ते उचलायचं. तिच्याकडे कधी पाहुणा आला नाही. एवढ्या सोवळ्यात कोण येणार, असं शालूला वाटे.

"खायला काही घालू नका," निघताना शालू म्हणाली. "आठ दिवस ते सहज उपाशी राहतं." त्याला चारायच्या वाळलेल्या जवळ्याची डबी तिने आधीच ट्रंकेत टाकली होती. माळकरी बाईच्या नाकात तो मासळीचा वास जायला नको. ट्रंकेचं कुलूप तिने दोनदा ओढून पाहिलं.

अकोल्याच्या दवाखान्यात तिचा बाप देवमन खाटेवर पडून होता. पाय प्लास्टरमध्ये.

"काहून वं शालू, तुया मासा कोन पाह्यते आता?"

"मासा नाई बाबा तो. घरमालकीन पाह्यते."

"कशी हाय बाई?"

"माळकरी हाय."

देवमनने प्लास्टरवरून हात फिरवला. "पाय बरा झाला का मले येऊ दे एकदा. आत नाई येत. रस्त्यानं जाता जाता तुयी खिडकी पाह्यतो, अन् तसाच पुढं जातो."

"नको बाबा," शालू म्हणाली, आणि त्याच्या उशाखालची चादर सारखी करू लागली.

नवव्या दिवशी दुपारी ती परतली. गोदाबाई ओसरीत तूर निवडत होती.

"तुमच्या कॉलेजातले केशवराव कारकून आलते. म्हने, बाईचं आडनाव आमच्या कागदात येगळंच हाय."

शालूचा हात कडीवरच थांबला. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मले कुठं वाचता येते?"

शालू आत गेली. फडकं ओलं होतं. पाणी नेमकं रेघेवर होतं. आणि समुद्रफूल पूर्ण उमललेलं, जाताना होतं त्याहून भरलेलं.

"याला काही घातलंत?"

"उपाशी जीव पाहवला नाही माह्यानं." गोदाबाई दारात उभी होती. "समुद्राचा जीव, म्हून बजारातून जवळा आनला. मुंडकी काहाडली, भिजवला, अन् तुमच्या चिमट्यानं देला. कसं गपकन धरते वं ते!"

शालूने तिच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. एका मुक्या जिवासाठी या बाईने बाजारात जाऊन जवळा मागितला होता, स्वतःच्या हाताने निवडला होता. आणि आपण दोन वर्षं तिला साधं आडनाव खरं सांगू शकलो नाही. केशवराव पुन्हा येणारच. या उन्हात बरणी टांग्यातून नेली तर संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, हे तिला माहीत होतं. तरीही यापुढे खोटं बोलणं तिला जमेना.

"गोदाबाई, केशवराव म्हणाले ते खरं आहे. आम्ही छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. मी, बाबा, आमची सगळी वस्ती." खाटेच्या कडेला टेकत ती सरळ आवाजात म्हणाली. "मी सोमवारी खोली सोडते. फक्त ही बरणी थोडे दिवस राहू द्या. तिला प्रवास सोसणार नाही."

गोदाबाई ओसरीत गेली. बाहेरचं दार लोटल्याचा आणि कडी घातल्याचा आवाज आला. मग ती परत आली, पहिल्यांदाच शालूच्या खाटेवर तिला लागून बसली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"त्या दिशी आमी दोघं नवराबायको पार मांगं होतो, रस्त्याच्या कडेले. तू कोनीकडं बसली होती वं, माय?"